जुन्या हॅटचा एक सेंटिमीटर

जुनी फेल्ट हॅट डोक्याला आवळू लागली की दोष फेल्टला दिला जातो. प्रत्यक्षात आधी आकसते ती बहुधा आतली चामड्याची पट्टी. कपाळाला टेकणाऱ्या या पट्टीला स्वेटबँड म्हणतात. वर्षानुवर्षे ती घाम पिते, वाळते, पुन्हा भिजते आणि दर वेळी थोडी आखडते. खालच्या कडेने ती फेल्टला शिवलेली असल्यामुळे आखडताना फेल्टलाही आत ओढते. अशी हॅट उलटी धरून पाहिली तर टाक्यांच्या रेषेवर फेल्टला बारीक चुण्या पडलेल्या दिसतात. म्हणून हॅट सैल करण्याचे काम फेल्ट ताणण्यापासून नव्हे, ही पट्टी तपासण्यापासून सुरू होते. हे न करता थेट वाफेवर धरलेल्या चांगल्या चांगल्या हॅटा वाया गेलेल्या आहेत.

फेल्ट मुळात ताणले जाण्यास राजी असते. ते विणलेले नसते, त्यात उभा-आडवा धागा नसतो. ससा, रानससा किंवा बीव्हर यांची लव, नाहीतर मेंढीची लोकर, ओलावा, उष्णता आणि रगडणे यांच्या जोरावर एकमेकांत अडकवून ते तयार होते. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. केस एकमेकांत शिरले की हे खवले त्यांना मागे सरकू देत नाहीत. वाफ मिळाली की हीच गुंतागुंत थोडी सैलावते आणि गार होताना नव्या आकारात पक्की होते. लवेचे फेल्ट हे काम सफाईने करते. लोकरीचे फेल्ट जरा हट्टी असते आणि ताणले तरी काही दिवसांनी मूळ मापाकडे परतू पाहते.

हॅटला ताठपणा येतो तो मात्र लाखेमुळे. लाखेच्या किड्याच्या स्रावापासून बनवलेले शेलॅक फेल्टमध्ये मुरवले जाई आणि या लाखेचा जगातला मोठा पुरवठा भारतातून होत असे. त्याच व्यवसायासाठी रांचीजवळ नामकूम येथे 1924 साली लाख संशोधन संस्था सुरू झाली. अलेस्सांद्रियाच्या बोर्सालिनोची किंवा फिलाडेल्फियाच्या स्टेटसनची मऊ हॅट असेल तर तिच्यात लाख बेताची असते. बोलर हॅट मात्र लाखेने इतकी कडक केलेली असते की तिला ऊब देऊन लाख मऊ केल्याशिवाय हात लावू नये. गार असताना जोर दिला तर तडा जातो. पुढे वर्णन केलेली रीत मऊ हॅटसाठी आहे.

आधी मापाचा हिशोब. शिंप्याची टेप भुवयांच्या आणि कानांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून फिरवली की डोक्याचा घेर मिळतो. तो सेंटिमीटरमध्ये घ्यावा. इटली आणि फ्रान्सच्या हॅटांवर मापही सेंटिमीटरमध्येच असते, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. अमेरिकी माप म्हणजे साधारण व्यासाचे इंच: 7 म्हणजे 56 सेंटिमीटर, 7⅛ म्हणजे 57, 7¼ म्हणजे 58. एकअष्टमांश इंच व्यास वाढला की घेर सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. इंग्लंडचे माप अमेरिकी मापापेक्षा एकअष्टमांशाने कमी लिहिले जाते, म्हणजे लंडनच्या हॅटवरचा 7 हा आकडा अमेरिकेच्या 7⅛ इतका. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हॅट घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवला तर निम्म्या तक्रारी उरणारच नाहीत. मापाचा शिक्का चामड्यावर असतो किंवा छोटी चिठ्ठी पट्टीच्या मागे चिकटवलेली असते.

ती चिठ्ठी शोधण्यासाठी पट्टी हलकेच बाहेर वळवली की बऱ्याचदा खरे कारण हाताला लागते: घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद. आधीच्या मालकाला हॅट सैल होत होती आणि त्याने ती अशी बसती केली होती. हा कागद साधा वाटतो, पण गणित पाहण्यासारखे आहे. पट्टीमागे सगळीकडून दोन मिलिमीटर जाडीचा थर असेल तर आतला घेर साडेबारा मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे नुसता कागद काढला की हॅट एका मापाहून अधिक मोठी होते, वाफ नाही आणि ताण नाही. फेल्टची किंवा फोमची पट्टी चिकटवलेली असेल तर ती मात्र ओढू नये. डिंक सुटताना चामड्याचा पापुद्रा सोबत येतो. बोथट पातळ सुरीने ती हळूहळू सोडवावी. निघालेला वर्तमानपत्राचा तुकडा फेकण्याआधी त्यावरची तारीख पाहावी. हॅटचे वय ठरवायला याहून सोपा पुरावा क्वचितच मिळतो.

दुसरा प्रश्न, हॅट नेमकी कुठे आवळते. दहा मिनिटे घालून काढल्यावर कपाळावर आणि मागे वळ उठले, पण कानांच्या वर बोट सहज शिरते, तर घेर बरोबर आहे, आकार चुकला आहे. डोके लांबट आणि हॅट गोलसर. दोन माणसांच्या डोक्याचा घेर सारखा असूनही एकाची हॅट दुसऱ्याला बसत नाही ती यामुळेच. टोप्यांच्या व्यवसायाने हे फार पूर्वी ओळखले होते. 1840च्या दशकात पॅरिसमध्ये त्यासाठी एक यंत्र निघाले, कॉन्फॉर्मातर. उंच काळ्या टोपीसारखे दिसणारे हे यंत्र डोक्यावर ठेवले की त्याच्या पट्ट्या डोक्याच्या वळणाप्रमाणे सरकतात आणि वरच्या टाचण्या कागदावर त्या वळणाची छोटी आकृती टोचून काढतात. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या, 1676 पासून चालत आलेल्या लॉक अँड कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या अशा आकृत्या जपून ठेवल्या आहेत. त्या पाहिल्या तर कोणाचेच डोके शुद्ध लंबगोल नसते, हे एका नजरेत पटते. आकार चुकलेल्या हॅटला ताणायचे नसते. थोडी वाफ देऊन दोन्ही बाजूंनी तळव्यांनी दाबले की ती लांबट होते आणि घेर तेवढाच राहतो.

घेरच कमी असेल तर मग चामड्याची परीक्षा. पट्टी बाहेर वळवताना ती कागदासारखी वळते की कुरकुरते, कपाळाच्या जागी बारीक चिरा आहेत का, टाके सुटले आहेत का, हे पाहावे. बोटाला तांबूस भुकटी लागली तर चामडे आतून कुजले आहे. झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्यात हवेतल्या आम्लामुळे हा दोष शिरतो आणि तो कोणत्याही तेलाने उलटत नाही. अशी पट्टी ताणली की टाक्यांच्या रेषेवर तिकिटाच्या कडेसारखी फाटते. तिला हात न लावता नवी पट्टी बसवून घेणे हाच मार्ग. त्या वेळी नवी पट्टी किंचित मोठी घेतली की हॅट आपोआप सैल होते. चामडे नुसते कोरडे असेल तर चामड्याचे मलम अगदी थोडे, फडक्याने, आदल्या दिवशी लावावे. जास्त झाले की ते टाक्यांतून फेल्टमध्ये उतरते आणि बाहेरून फितीच्या खाली तेलकट डाग उमटतो.

वाफेआधी एक सावधगिरी, जी जुन्या हॅटच्या बाबतीत गंभीरपणे घ्यायला हवी. लव चांगली गुंतावी म्हणून कारखान्यांत तिच्यावर पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण लावत. त्या वाफांनी कामगारांचे हात कापू लागत, बोलणे अडखळे, स्वभाव चिडका होई. अमेरिकेतल्या कनेटिकटमधील डॅनबरी हे टोप्यांचे गाव, तिथे या कंपाला गावाचेच नाव पडले होते. अमेरिकेत ही पद्धत 1941 मध्ये बंद झाली. त्याआधीच्या लवेच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश असू शकतो, म्हणून संग्रहालयांत अशा टोप्या हातमोजे घालून हाताळतात. घरी वाफ द्यायची तर खिडक्या उघड्या असाव्यात, तोंड वाफेवर धरू नये, काम झाल्यावर हात धुवावेत आणि स्वयंपाकाच्या ओट्याऐवजी गॅलरी बरी. कोणाची तरी आठवण म्हणून किंवा संग्रहासाठी ठेवलेली हॅट असेल तर ती ताणायची गरजच काय, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बाहेरची फीत हा आणखी एक अडथळा. जाड रेघांच्या विणीची ही फीत हॅटच्या घेरावर घट्ट बसवून डाव्या बाजूला बोच्या खाली शिवलेली असते. ती ताणत नाही. आतून फेल्ट वाढवले तरी बाहेरून फीत त्याला रोखते आणि फितीच्या वर फुगवटा येतो. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तिची अडचण होत नाही. त्याहून जास्त वाढवायचे तर बोच्या मागचे दोन-चार टाके आधीच उसवावेत आणि शेवटी फीत पुन्हा लावून घ्यावी. फितीचा रंग उतरतो का, हे ओल्या पांढऱ्या कापडाच्या टोकाने एका आडोशाच्या जागी पाहावे.

आता ताणणे. त्यासाठी लाकडी स्ट्रेचर मिळतो: अर्धगोल आकाराचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये उलट-सुलट आट्यांचा स्क्रू. स्क्रू फिरवला की तुकडे एकमेकांपासून दूर जातात, पण फक्त पुढे-मागे. दोन तुकड्यांतले अंतर पाच मिलिमीटरने वाढले की दोन्ही बाजू मिळून घेर दहा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे एक पूर्ण माप. हा आकडा माहीत नसल्यामुळे लोक स्क्रू भराभर फिरवतात.

किटलीत पाणी उकळू द्यावे. चामड्याची पट्टी बाहेर वळवून वाफेपासून दूर ठेवावी, कारण ओले चामडे गरम झाले की सैल होत नाही, कायमचे आकसते. हॅट किटलीच्या तोटीपासून वीतभर अंतरावर धरून फितीच्या पातळीवर गोल फिरवत राहावी. अर्धा मिनिट पुरे. फेल्ट उबदार आणि लवचिक व्हावे, ओले नव्हे. एकाच जागी थांबले तर पाण्याचा डाग पडतो. मग पट्टी आत वळवून स्ट्रेचर बसवावा, त्याची खालची कड टाक्यांच्या जरा वर येईल असा, आणि हाताला विरोध जाणवेपर्यंत स्क्रू फिरवावा. तिथून अर्धा फेरा पुढे, बस. टाका तुटल्याचा बारीकसा आवाज आला तर लगेच मागे. रात्रभर हॅट तशीच ठेवावी. सकाळी घालून पाहावी आणि कमी वाटल्यास पुन्हा तितकेच. घाई करून एका बैठकीत मिळवलेले माप फार काळ टिकत नाही.

स्ट्रेचर नसेल आणि चामडे धडधाकट असेल तर पट्टी आतून कोमट पाण्याने ओलसर करून हॅट वाळेपर्यंत डोक्यावर ठेवणे ही जुनी युक्ती आहे. तिने तीन-चार मिलिमीटर मिळतात, आणि हॅट नेमक्या डोक्याच्या वळणाची होते, जे स्ट्रेचरला जमत नाही.

मर्यादा एका सेंटिमीटरची धरावी. त्यापुढे कड लाटांसारखी वरखाली होऊ लागते, कारण तिची आतली बाजू रुंदावते आणि बाहेरची तेवढीच राहते. दीड-दोन सेंटिमीटर हवे असतील तर ते घरचे काम नाही. हॅटचा कारागीर पट्टी, फीत आणि अस्तर उतरवतो, फेल्टला भरपूर वाफ देतो आणि मोठ्या मापाच्या लाकडी कलबुतावर ओढून बांधतो, मग कड वेगळ्या फळीवर इस्त्रीने सपाट करतो. त्यातही फेल्ट काही नव्याने निर्माण होत नाही. घेरात वाढलेला भाग माथ्याच्या उंचीतून किंवा कडेच्या रुंदीतून येतो, त्यामुळे आखूड कडेची बुटकी हॅट दोन मापे मोठी करून मागणे म्हणजे तिचे रूप बदलायला सांगणे आहे.

सैल केलेली हॅट पहिले काही आठवडे न घालताना स्ट्रेचरवर ठेवावी, पण स्क्रू न ताणता, नुसता टेकता. स्ट्रेचर नसेल तर माथ्यावर उलटी ठेवावी; कडेवर टेकवून ठेवली की कड बसते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहिली तर केलेले सगळे काम एका दुपारी परत जाते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात हॅट बंद डब्यात कोंडू नये, चामड्यावर बुरशी धरते. मऊ ब्रशने धूळ झाडून ती हवा खेळेल अशा कापडी पिशवीत ठेवावी आणि डांबराच्या गोळ्या शेजारी, पण फेल्टला न लागतील अशा ठेवाव्यात. लवेवर आणि लोकरीवर कसरीचा डोळा असतोच. भिजलेली हॅट पंख्याखाली वाळवावी, हीटरसमोर नाही, आणि वाळताना पट्टी बाहेर वळवलेली असावी.