कैफियतीचे दप्तर

माझ्या दुकानातील नोंदवहीला आरंभापासून दोन रकाने होते. डाव्या रकान्यात ग्राहकाची कैफियत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावयाची आणि वाद्याची रुजुवात झाल्यावर आढळलेला दोष उजव्या रकान्यात लिहावयाचा, असा शिरस्ता ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या वृद्ध गोमंतकीय व्हायोलिन-मिस्त्रींनी घालून दिला होता. आणि १९७५च्या सुमारापासून साठत आलेले हे दप्तर आता सवडीने चाळीत असता असे दिसते, की हे दोन रकाने एकमेकांशी जुळल्याचे प्रसंग फारच थोडे. ग्राहक खोटे सांगत नसे. जे कानाला खटकले आणि बोटाला खुपले तेच तो सांगे. परंतु त्याचे मूळ वाद्यात आहे, हवेत आहे, घरातील विजेत आहे की वाजविणाऱ्याच्या हातात, हे हुडकून काढण्यातच आमच्या दिवसाचा मोठा भाग जाई, आणि मेहनताना मात्र जो मिळाला तो सदैव कानशीचा आणि डाखाचा.

आमचा गाळा धोबी तलावाच्या अंगाला होता. गोव्यातील गावांच्या नावांनी चालणारे कूड, म्हणजे गोमंतकीयांची सामाईक बिऱ्हाडे, याच परिसरात असल्यामुळे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या कलावंतांची तेथे सतत वर्दळ असे. हिंदी चित्रपटसंगीतात गिटारीचे ते बरकतीचे दिवस होते. भूपिंदर सिंग यांच्या गिटारीने ‘दम मारो दम’ १९७१ साली देशभर पोहोचविले होते, आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत दुपारी ध्वनिमुद्रण असलेला वादक सकाळी वाद्य घेऊन आला म्हणजे त्याची कैफियत एका ओळीत आटोपत असे: ‘बाराव्या फ्रेटवर चढते.’ तार दाबली असता ती किंचित ताणली जाते, त्यामुळे सूर जेवढा असावा त्याहून थोडा वर जातो, आणि तो फरक भरून काढण्यासाठी जाड तारांची लांबी बारीक तारांपेक्षा अंमळ अधिक ठेवावी लागते, हे गणित या मंडळींना शब्दांनी ठाऊक नसले तरी कानांनी पुरते ठाऊक होते. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात त्या सॅडलची कड अर्धा मिलिमीटर मागे-पुढे घासून दिली, की ती जुळली किंवा नाही हे सांगण्यास त्यांना कोणत्याही यंत्राची गरज भासत नसे. माझ्या साऱ्या ग्राहकांत डावा आणि उजवा रकाना जुळविणारे असे हेच काय ते.

सामानाची टंचाई मात्र विलक्षण होती. आयातीवर निर्बंध, जकात भारी, आणि चांगल्या तारा परदेशाहून येणाऱ्या कोणा खलाशाच्या किंवा नातलगाच्या कृपेनेच हाती लागावयाच्या. त्यामुळे मळलेल्या तारा पाण्यात उकळून, वेटोळ्यांत अडकलेली घाण काढून टाकून त्या पुन्हा चढविण्याची रीत सार्वत्रिक होती. नट (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल आम्ही बैलाच्या हाडातून हाताने कापीत असू, आणि तडा गेलेल्या पातळ फळीवर सरस लावून शिकंज्यात धरल्यावर चपडा लाखेचे पॉलिश चढवीत असू. त्या हलाखीचे गोडवे गाण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, ती मला मान्य नाही. उकळलेल्या तारेचा आवाज दोन दिवस उजळतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मरतो, एवढेच त्या कौशल्याचे फळ होते.

या दप्तरात एक कैफियत निरनिराळ्या हस्ताक्षरांत वारंवार भेटते: ‘आजोबांची गिटार आहे. मान वाकली आहे. तारा दाबल्या जात नाहीत.’ दादर-पार्ल्याच्या सुशिक्षित घरांतून माळ्यावरची पेटी उघडून ही वाद्ये येत. उजव्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला आहे: निर्दोष. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारीवर राग वाजवून आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने साथसंगत साधून या वाद्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या पुष्कळ आधीपासून मध्यमवर्गीय घरांत मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीने वाजवावयाची ही गिटार शिरलेली होती. तिच्या तारा बोटांनी दाबावयाच्याच नसतात, म्हणून त्या मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. नातवाने ती उभी धरून बोटे दुखवून घेतली, यात वाद्याचा अपराध कोणता? नटाची उंच पट्टी काढून त्या जागी नेहमीचा नट बसविला, की बऱ्याच गिटारी नातवाच्या कामी येत. परंतु तसे करण्यापूर्वी, घरात अद्याप कोणी आडवी वाजविणारे आहे काय, असे मी विचारीत असे, आणि एकदोनदा तरी प्रश्न ऐकून मुलगा ओशाळून वाद्य तसेच परत घेऊन गेला.

याच्या उलट प्रकार ब्रिज उखडलेल्या गिटारींचा. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली, तरी त्या घराण्याच्या गिटारी हलक्या ताणासाठीच बांधल्या जातात. सहा नायलॉन तारांचा एकूण ताण चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असतो, तर पोलादी तारांचा सत्तरीच्याही पुढे जातो. आवाज मोठा निघावा म्हणून अशा गिटारीवर पोलादी तारा चढविणारा सद्गृहस्थ काही महिन्यांनी तक्रार घेऊन येई, की सरस कच्चा होता. येथे समजूत घालण्यास वेळ फार लागे.

परंतु दप्तराची सर्वांत अधिक पाने पावसाळ्याने भरली आहेत. गिटारीची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. हवेतील ओल शोषून लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने फुगते, फळीचे पोट वर येते, त्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. वाद्यास चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता मानवते आणि मुंबईच्या जुलैत ती ऐंशीच्या खाली क्वचितच उतरते. ‘घेतली तेव्हा मऊ होती, आता बोटे कापते,’ ही आषाढातील ठराविक कैफियत. हाच माल मे महिन्यात विदर्भात गेला, की मानेवरील तक्ता आक्रसतो आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. आता पावसाळ्यात आलेल्या गिटारीचे सॅडल घासून तारा खाली आणून देणे हे अर्ध्या तासाचे आणि रोख पैशाचे काम. पण तसे केले, की हिवाळ्यात फळी खाली बसते आणि त्याच तारा फ्रेटवर खणखणू लागतात. म्हणून मी ‘दसऱ्यानंतर या’ असे सांगत असे. हे ऐकून कित्येकांनी मला आळशी ठरविले, कित्येकांनी शेजारच्या गल्लीत जाऊन सॅडल घासून घेतले, आणि त्यांतील काही जानेवारीत माझ्याकडे नवे सॅडल बसविण्यासाठी आले, तेव्हा त्यांच्याकडून पुरते पैसे घेताना मला मुळीच संकोच वाटला नाही. (त्या खणखणाटाची स्वतः होऊन मागणी करणारा एकच ग्राहक मला आठवतो. तो सतार शिकत होता आणि मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात तशी गिटारीवर काढून द्या म्हणाला. मी रुंद हाडाचे सॅडल किंचित गोलाईने घासून तसा प्रयत्न केला. त्याला ते आवडले. इतर कोणासही आवडले नाही.)

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, आणि त्याच दशकात ध्वनिमुद्रणशाळांत संगणक व सिंथेसायझर येऊन मोठे वाद्यवृंद विरत गेले. जुने ग्राहक गाळ्यावरून दिसेनासे झाले. नवे आले ते महाविद्यालयीन तरुण. त्यांच्या खांद्यावर चिनी बनावटीच्या स्वस्त गिटारी असत आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा वाद्याच्या किमतीस ओलांडून जाई. अशा वेळी दुसरी घ्या, असे सांगणे भाग पडे.

विजेच्या गिटारींनी एक नवे प्रकरण उघडले. ‘सारखी गुणगुणते’ ही कैफियत ऐकून मी प्रथम त्या स्वराची उंची पाहावयास शिकलो. आपल्याकडील वीजप्रवाहाची कंपने सेकंदाला ५० असल्यामुळे त्यातून उपजणारा गुणगुणाट पाश्चात्त्य स्वरमालेतील ‘जी’च्या किंचित वर पडतो, तो तेथेच आढळला आणि तारांना हात लावताच कमी झाला, तर बहुधा गिटारीतील भूमिजोड शाबूत असते आणि बाहेरचा उपद्रव ती झेलीत असते. जुन्या चाळींत भिंतीतील तिसऱ्या छिद्राला कित्येकदा तारच जोडलेली नसे. ज्याच्या ओठांना ध्वनिक्षेपकाजवळ झटका बसतो, त्याने गिटार आमच्याकडे आणण्याऐवजी विजेचा मिस्त्री बोलावणे इष्ट, हे सांगितले की ग्राहक हिरमुसत, कारण गिटार दुरुस्त होणे हाती होते आणि घरमालकाकडे तगादा लावणे नव्हते.

अलीकडची पाने निराळीच आहेत. भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून आलेला ग्राहक डाव्या रकान्यात तक्रारीऐवजी निदानच लिहवून घेतो: ‘ट्रस रॉड आवळा.’ माझे समव्यवसायी याला उद्दामपणा म्हणतात. मला ते पटत नाही. या मुलांनी मोजपट्टी लावून तारांची उंची टिपलेली असते, तारांचे माप लिहून आणलेले असते, आणि त्यांच्याशी होणारा संवाद त्या चित्रपटवाल्या वादकांच्या एका ओळीइतका निखळ नसला तरी फार लवकर मुद्द्यावर येतो. त्यांचे अडते ते एवढ्याच ठिकाणी, की थॅडियस मॅकह्यू यांनी गिब्सनसाठी शोधलेली आणि १९२३ साली पेटंट मिळालेली ही मानेतील दांडी तारांच्या ओढीने मानेस येणारा बाक आवरण्यासाठी आहे, तारा खाली-वर करण्यासाठी नव्हे. आणि पाव फेऱ्यापेक्षा अधिक एका वेळी फिरविणाऱ्याच्या गिटारीतील या दांडीचा नट झिजलेला मी पाहिला आहे.

गाळा आता माझी भाची चालविते. तिने दोन वर्षांपूर्वी दारावर पाटी लावली: तपासणी शुल्क, दुरुस्ती झाली तर बिलातून वजा. मी विरोध केला. नुसते पाहण्याचे पैसे घेणे हे माझ्या मिस्त्रींच्या शिरस्त्यात बसणारे नव्हते. ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही जन्मभर नेमके तेच तर केलेत, फक्त फुकट.’ जमाखर्च पाहता तिचे म्हणणे खोडून काढण्यास मजजवळ आधार नाही. दसऱ्यानंतर या, असे ती आताही सांगते आणि त्याची पावती फाडते. लोक पैसे देतात, आणि दसऱ्यानंतर परत येतात ते पूर्वीपेक्षा अधिक. आजोबांची हवाईयन गिटार आली, तर मात्र भाची मला आतून हाक मारते आणि ते शुल्क घ्यावे की न घ्यावे, यावर आमचा ग्राहकासमोरच वाद होतो.