कापसाचा तंतू : आखूड आणि लांब

वनस्पतीपासून वस्त्र दोन रीतींनीं मिळतें. ताग, अंबाडी, अळशी यांच्या कांड्या पाण्यांत कुजवून सालींतील वाख सोडवून घ्यावा लागतो. कापूस मात्र सरकीच्या पाठीवर आयता उगवतो. (मराठी पवित्र शास्त्रांत जें तागाचें वस्त्र वाचनांत येतें, तें बहुधा अळशीच्या वाखाचें समजावें. आपल्याकडे अळशी तेलासाठीं पेरतात. भाषांतरकारांस ताग अधिक जवळचा वाटला असावा.)

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच लांबट पेशी. बोंड उकलण्यापूर्वीं ती रसानें भरलेली नळी असते. उकलल्यावर ती वाळून चपटी होते आणि फितीप्रमाणें स्वतःभोंवतीं पीळ घेते. हे पीळ एकमेकांत अडकतात, म्हणूनच बोटभरहि लांब नसलेल्या तंतूंचें अखंड सूत निघूं शकतें.

ह्याच पिळावरून सूक्ष्मदर्शकाखालीं कापूस ओळखूं येतो. मोहेंजोदडोच्या उत्खननांत एका चांदीच्या भांड्यास चिकटलेलें, चार हजार वर्षांहून जुनें कापड सांपडलें. त्याची तपासणी विलायतेंत झाली नाहीं; दिंडोशीहून लोकलगाडीनें अर्ध्या-पाऊण तासांत गांठतां येईल अशा माटुंग्यांत झाली! तेथील कापूस प्रयोगशाळा १९२४ सालची. टर्नर व गुलाटी ह्या संशोधकांनीं १९२८ सालीं तिच्यातर्फे लिहिलें, कीं हे तंतू खऱ्या कापसाचे असून देशी जातीशीं जुळणारे आहेत.

ती प्रयोगशाळा मात्र पुराणवस्तूंसाठीं निघालेली नव्हती. कोणत्या वाणाचें सूत गिरणींत कसें निघतें, हें पाहणें तिचें मुख्य काम. देशी कापसाचा तंतू बहुधा आखूड. हातास तो अडत नसे. ढाक्याची मलमल देशी जातीचीच होती. परंतु यंत्राच्या वेगवान चात्यांस लांब तंतू मानवतो. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीची स्थापना केली. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजली, तेव्हां इंग्लंडच्या गिरण्यांनीं आपला आखूड कापूस वाटेल त्या भावानें उचलला. युद्ध संपतांच भाव कोसळले.

तेव्हां यंत्रास साजेल असें झाड करण्याचा उद्योग वाढत गेला. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांतील कापसाच्या क्षेत्रापैकीं सुमारें ९७ टक्क्यांवर देशी जाती होत्या. १९७० सालीं ‘संकर-४’ आला, २००२ सालीं बीटी कापूस आला, आणि आज बहुतेक क्षेत्र अमेरिकन जातीच्या संकरित वाणांनीं व्यापलें आहे. तंतू लांबला, उत्पन्नहि वाढलें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण वऱ्हाडची शेती बहुतांशीं पावसावर. देशी कापूस पाण्याचा ताण व रस शोषणाऱ्या किडी अधिक सोसतो, आणि त्याची घरची सरकी राखून पुन्हा पेरतां येते. संकरित बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. पाऊस हुकला, कीं त्याचें देणें तेवढें शेतकऱ्याच्या माथीं उरतें. गिरणीची सोय पाहतांना हा हिशेब मागें पडला, असें मला वाटतें.

लांब तंतू अमेरिकन झाडासच येतो असें मात्र नाहीं. परभणीच्या कृषी विद्यापीठानें देशी जातींतच लांब तंतूचे वाण काढले असून ‘पीए २५५’, म्हणजेच ‘परभणी तुराब’, हा त्यांपैकीं एक होय.