घरातील खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : आखणी व निगा

पाथर्डीहून समुद्र सरळ रेषेने सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. गर्भगिरीच्या डोंगरांतील हा तालुका अवर्षणप्रवण असून उन्हाळ्यात कित्येक वाड्यावस्त्यांस टँकरच्या पाण्यावर राहावे लागते. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हा विषय काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांची काचेची टाकी आता तालुक्याच्या गावी नवलाची राहिलेली नाही, आणि मोबाईलवरील रंगीत चित्रे पाहून प्रवाळभित्तीचा देखावा आपल्या घरी उभा करावा असे सुशिक्षित तरुणांस वाटू लागले आहे. हौसेस नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ती पुरविण्यापूर्वी खर्च, पाणी आणि कायदा या तिन्ही गोष्टींचा हिशेब मांडला गेला पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे याबाबत विचारणा झाल्यास त्यांस उत्तर देता यावे, म्हणून ही माहिती येथे देण्यात येत आहे.

मुंबईस १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी सागरातील जिवंत मासे प्रथम तेथेच पाहिले. त्या इमारतीसमोर रस्ता ओलांडला की समुद्र होता. पाथर्डीच्या हौशी माणसास माशांच्या आधी समुद्रच तयार करावा लागतो, आणि या उद्योगातील निम्म्याहून अधिक अडचणी तेथेच उद्भवतात.

प्रथम कायद्याविषयी. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणनजीक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आढळतात व तेथील क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. तेथून किंवा अन्य कोठूनही प्रवाळ आणून टाकीत ठेवणे मात्र गुन्हा ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व खडकाळ प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व सागरी पंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडे व महाकाय शिंपलेही त्याच अनुसूचीत आहेत. वाघाला ज्या अनुसूचीने संरक्षण दिले, तिनेच प्रवाळालाही दिले आहे. प्रवाळ जिवंत असो वा मृत, त्याचा व्यापार वर्ज्य आहे. ‘जिवंत खडक’ या नावाने विकला जाणारा दगड बहुधा प्रवाळभित्तीचाच तुकडा असतो. दुकानदाराने पावती दिली एवढ्याने तो कायदेशीर होत नाही. मऊ प्रवाळाचा आग्रह कोणी धरल्यास त्याने आधी वन विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

म्हणून आपल्याकडे करावयाचे मत्स्यालय हे प्रवाळाविना, कृत्रिम खडकांचे असावे. त्याने शोभेत फारसे उणे येत नाही. खडक घरीच करता येतात. सिमेंट व शिंपल्यांचा जाड चुरा ओलसर कालवून, वाळूत केलेल्या खड्ड्यांत ओबडधोबड गोळे घालावेत. ते घट्ट झाल्यावर गोड्या पाण्यात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी पालटावे. सिमेंटमधील चुन्याचा तीव्रपणा जाण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. खडक बुडविलेल्या पाण्याचा सामू ८.५ च्या खाली स्थिरावेपर्यंत ते टाकीत घालू नयेत. ओढ्यातील मुरमाड दगड किंवा शेतातील चुनखडीचे खडे वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यांसोबत माती व स्फुरद टाकीत जाऊन शेवाळ माजते.

नवख्या माणसाने फार लहान टाकी घेऊ नये. पाणी जितके थोडे, तितका त्यातील बिघाड झपाट्याने होतो. ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी टाकी ४० सेंटीमीटरपर्यंत भरली, तर खडक व वाळूची जागा वजा जाता तीत सुमारे १४० लिटर पाणी राहते. काच, पाणी व खडक मिळून हे ओझे दोन क्विंटलांहून अधिक भरते. तेव्हा ती लाकडी फळीवर किंवा पत्र्याच्या कपाटावर न ठेवता पक्क्या ओट्यावर, समपातळीत ठेवावी. ऊन थेट पडेल अशी जागा नसावी.

आता पाण्याकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत वजनाने क्लोराइड ५५ टक्के, सोडियम सुमारे ३१ टक्के, सल्फेट जवळजवळ ८ टक्के, मॅग्नेशियम पावणेचार टक्के, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी टक्क्याच्या आसपास असते. यावरून स्वयंपाकाचे मीठ पाण्यात कालवून समुद्र का होत नाही, हे ध्यानात येईल. नुसत्या युरियाने पिकाची सर्व गरज भागत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यासाठी तयार सागरी क्षारमिश्रणच घ्यावे लागते. वरील टाकीस पहिल्या भरणीस ते सुमारे ५ किलो लागेल. घनतामापकाने विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे, हे पाहून घ्यावे.

मिश्रण ज्या पाण्यात कालवावयाचे ते पाणी निर्मळ पाहिजे. आपल्या काळ्या पाषाणातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते, त्यात सिलिकाही असते. भरपूर खते दिलेल्या शेतांच्या आसपासच्या विहिरींत नायट्रेटही उतरलेले असते. अशा पाण्याने काचेवर तपकिरी थर व हिरवे शेवाळ माजते. शुद्धीकरण यंत्र लावल्यास एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी वाया जाते. आठवड्यास सुमारे ३० लिटर शुद्ध पाणी लागते असे धरले, तर ६० ते ९० लिटर पाणी यंत्र फेकून देईल. शेजारची बाई हंड्यासाठी टँकरपुढे उभी असताना हे करणे शोभत नाही, हे स्पष्ट लिहिणे बरे.

यावर पावसाचे पाणी हा उत्तम उपाय आहे. दहा चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होते. त्यातील थोडे वाया जाईल हे धरूनही, हजार लिटरची झाकलेली टाकी भरून घेतल्यास तेहेतीस आठवड्यांची तरतूद होते. छप्पर सिमेंटचे असावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून आलेले पाणी कोळंबीसारख्या जिवांस घातक ठरते. पहिले एक-दोन पाऊस वाहू द्यावेत व नंतरचे पाणी कोळशाच्या गाळणीतून घ्यावे. ज्यास एवढी साठवण करणे शक्य नाही, त्याने हा नाद न केलेला बरा.

टाकी भरली म्हणजे मासे सोडता येतात, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. जमिनीत अमोनियम सल्फेट टाकल्यावर सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. टाकीतही तेच जंतू खडकांवर व वाळूत वस्ती करून तेच काम करतात. ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाद्याची चिमूट टाकून जंतूंस अन्न पुरवावे व तपासणी संचाने पाणी पाहत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की वस्ती जमली असे समजावे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका चढता, तितका अमोनिया अधिक विषारी होतो. घाई केलेल्या टाकीत पहिल्याच आठवड्यात मासे मरतात त्याचे कारण हेच.

वरील आकाराच्या टाकीस विदूषक माशांची एक जोडी, एखादा लहान खरबा मासा व दोन सफाई कोळंब्या पुरेत. विदूषक माशांची पैदास बंदिस्त जागेत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे कारण नाही. नवीन मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. नवे जनावर गोठ्यात बांधण्यापूर्वी वेगळे ठेवतात, तद्वत. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

पाथर्डीच्या उन्हाळ्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते. या माशांस २४ ते २७ अंश तापमान मानवते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत पाणी याहून बरेच तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्याहून मुळातच सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असतो. जाड दगडी भिंतींची खोली निवडावी व पाण्याच्या पृष्ठावर लहान पंख्याचा वारा सोडावा. हवा कोरडी असल्याने माठाच्या न्यायाने पाणी दोन-तीन अंशांनी निवते. वीज गेल्यावर चालणारा विजेरीवरील हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. भारनियमनाच्या एका रात्रीत सर्व टाकी मृत होऊ शकते.

पंख्याने पाणी आटते, पण क्षार मागे राहतात. काहिलीतील रस आटला तरी गूळ कोठे जात नाही. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे शुद्ध पाणीच, रोजच्या रोज, आधीच्या खुणेपर्यंत घालावे. उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर सहज लागते. आठवड्यातून एकदा सुमारे १५ लिटर पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी भरावे. दसऱ्यानंतर घरास कुलूप लावून ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबास हे मत्स्यालय मुळीच साधणार नाही. शाळेच्या विज्ञानकक्षात ते करावयाचे झाल्यास सुटीतील जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवून घ्यावे.

शेतकऱ्याच्या घरातील आणखी एक धोका येथे सांगितला पाहिजे. मोरचुदातील तांबे कोळंबीस अत्यल्प प्रमाणातही मारक असते. बोर्डो मिश्रण कालवलेली बादली धुऊनही टाकीसाठी वापरू नये. कीटकनाशकांची फवारणी करून आलेल्या माणसाने हात टाकीत घालू नयेत, आणि डासांचे औषध त्या खोलीत लावू नये.

टाकीतून काढलेले पाणी कोठे टाकावयाचे, हा प्रश्न विक्रेते सहसा काढीत नाहीत. परसातील लिंबाच्या आळ्यात ते ओतणे सोपे वाटते. परंतु समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता सुमारे ५० डेसीसायमन प्रति मीटर असते, तर जमिनीच्या अर्काची वाहकता ४ च्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त समजण्यात येते. महिन्याला ६० लिटर म्हणजे दोन किलोंहून अधिक क्षार, वर्षाला पंचवीस किलो. सोडियमने काळ्या मातीची घडण मोडते, पाणी मुरेनासे होते. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्याखालील चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको. ते पाणी आड, विहीर, ओढा किंवा शेततळे यांतही जाऊ देऊ नये. गच्चीवर एक मीटर लांबरुंद अशी प्लास्टिकची पसरट परात ठेवून त्यात ते उन्हात आटवावे. उन्हाळ्यात पंधरा लिटर पाणी काही दिवसांत आटते. पावसाळ्यात ते झाकणाच्या पिंपात साठवून उघाड मिळाली की आटवावे. उरलेले क्षार जनावरांस चाटण्यास देऊ नयेत. ते पिशवीत बांधून नगरपरिषदेच्या कचरागाडीत द्यावेत, व गावी तशी सोय नसल्यास तालुक्यास येताना बरोबर आणावेत.