तुझे वय किती?

‘तुझे वय किती?’ असे कोणी विचारले, तर तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर द्याल. तुमची जन्मतारीख शाळेच्या दप्तरात नोंदलेली आहे. परंतु कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या इतिहासात हाच साधा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. मुलांना कारखान्यात राबवू नये, असे कायदे दोनशे वर्षांपासून होत आले आहेत. मात्र कायदा करणे ही एक गोष्ट आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे ही दुसरी. आणि ही दुसरी गोष्ट पहिलीहून पुष्कळच कठीण आहे.

कापसाच्या मोठमोठ्या गिरण्या प्रथम इंग्लंडात उभ्या राहिल्या. तुटलेला धागा सांधणे, चालत्या यंत्राखाली शिरून कापूस झाडणे, ही कामे चिमुकल्या हातांकडून करून घेतली जात. मुलांची मजुरीही थोडी असे. १८१९ साली तेथील पार्लमेंटने ९ वर्षांखालील मुलांना सुती गिरण्यांत ठेवण्यास मनाई केली. पण गिरणीत जाऊन पाहणारा पगारी अधिकारी कोणीच नव्हता. त्यामुळे तो कायदा बहुतेक कागदावरच राहिला.

१८३३ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. सगळ्या देशासाठी अवघे ४ निरीक्षक नेमले गेले. पण गिरणीत शिरून मुलांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना मिळाला. लेनर्ड हॉर्नर हे त्यांच्यापैकी एक. त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे काम चिकाटीने केले.

आता अडचण आली ती वयाची. ९ ते १३ वर्षांच्या मुलाला आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम देता येत नसे. म्हणून १२ वर्षांचा मुलगा १३ वर्षांचा म्हणून पुढे केला जाई. खरे काय ते कसे ठरवावे? इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांचा असा दाखला नव्हता. डॉक्टर मुलाची उंची व अंगकाठी पाहून अंदाज करीत. पण पोटभर न जेवलेले मूल वयाने मोठे असूनही खुजे दिसते, तर धट्टेकट्टे मूल वयापेक्षा थोर वाटते. १८३७ सालीच एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुचविले, की उंचीपेक्षा दात अधिक खरे बोलतात. आपली दुसरी मोठी दाढ साधारणपणे बाराव्या वर्षाच्या सुमारास उगवते. तुम्हीही जिभेने चाचपून पाहा! ज्यांची दाढ अजून आली नसेल, त्यांना सॉन्डर्ससाहेबांनी ‘१३ वर्षांचा’ असा दाखला बहुधा दिला नसता.

आपल्या देशात मुंबईला गिरण्या निघाल्या त्या १८५० नंतरच्या काळात. तेथेही मुले राबू लागली. सोराबजी शापूरजी बंगाली या सद्गृहस्थांनी १८७८ साली कामगारांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार केला. पुढे १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्याने ७ वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. ९ तास! तुमच्या शाळेच्या वेळेशी ताडून पाहा. शिवाय हा कायदा १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. जेथे ९९ माणसे, तेथे कायदा दाराबाहेरच थांबे.

१८९१ साली वयाची अट ९ वर्षे झाली व १४ वर्षांखालील मुलांचे काम ७ तासांवर आले. पण माणसाची युक्ती कायद्याच्या पुढे धावते. पुढील काळात असे आढळले, की काही मुले एकाच दिवशी दोन गिरण्यांत, निराळ्या नावांनी, काम करीत. यात आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या घरात एका माणसाच्या मजुरीवर चूल पेटत नाही, तेथे मुलाच्या चार आण्यांची वाट पाहिली जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ही पळवाट बुजविण्यासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात बारकाईने नियम केले गेले. १४ वर्षे पुरी न झालेल्या मुलास कारखान्यात घेण्यास बंदी झाली. त्याहून थोड्या मोठ्या मुलास डॉक्टरचा दाखला हवा आणि त्या दाखल्याचा उल्लेख असलेला बिल्ला कामावर असताना जवळ हवा. एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई झाली. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदानेही १४ वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याची कामे यांत ठेवण्यास मनाई केली आहे.

तेव्हा काम मोठ्या कारखान्यांतून निघून लहान खोल्यांत शिरले. मुंबईतील जरीकामाच्या कोंदट माळ्यांवर आणि शिवकाशीच्या काडेपेट्यांच्या धंद्यात मुलांची बोटे झिजत राहिली. अशा खोलीला ना पाटी, ना भोंगा. निरीक्षकाने तिचा पत्ता शोधावा कसा? म्हणूनच १९८६ च्या बालकामगार कायद्याने तक्रार करण्याचा अधिकार केवळ निरीक्षकाला किंवा पोलिसांना न देता कोणत्याही व्यक्तीला दिला. २०१६ साली हा कायदा अधिक कडक झाला. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणाऱ्या मालकाला ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावण्यास मात्र सवलत आहे. अर्थात काम धोक्याचे नसेल तरच. आता ‘घरचा धंदा’ कोणता आणि घरचे म्हणून सांगितलेला दुसऱ्याचा धंदा कोणता, हे ओळखताना निरीक्षकाची खरी कसोटी लागते.

मूल सोडविल्यावरही काम संपत नाही. घरी खायला नसेल, तर ते दुसऱ्याच खोलीत जाऊन बसते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली, की धोक्याच्या धंद्यात मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २० हजार रुपये भरावेत, त्या रकमेचा उपयोग मुलाच्या भल्यासाठी व्हावा आणि त्या मुलाला शिक्षण मिळावे.

आणि वयाचा तो जुना प्रश्न? सुटका झालेल्या मुलाला संरक्षणासाठी बालकल्याण समितीपुढे आणले व त्याच्या वयाविषयी शंका आली, तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला पाहतात. तो नसेल, तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. यांपैकी काहीच हाती नसेल, तेव्हाच मुलाला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवितात.