कुत्र्याच्या आहारातील अंडे

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकापासून जवळच भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. १९३३ साली कमला भागवत, पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ, या संस्थेत दाखल झाल्या व दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास करू लागल्या. पुढे मुंबईत त्यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याच्या कार्यास अडथळा आणणाऱ्या, कडधान्यांतील घटकांचाही शोध घेतला. कडधान्य शिजवून खावे, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. परंतु अंड्याच्या पांढऱ्या भागातही तशाच जातीचा घटक असतो, हे कुत्र्यापुढे कच्चे अंडे फोडणाऱ्याच्या ध्यानी सहसा येत नाही.

कच्च्या अंड्याने केस तुकतुकीत होतात, अशी समजूत आहे. १९१६ साली अमेरिकेत बेटमन यांनी कच्चा पांढरा भाग कुत्र्यांना भरवला, तेव्हा त्यांना जुलाब झाले. तोच भाग उष्णतेने गोठवून दिल्यावर पचला. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना वाळवलेल्या पांढऱ्या भागावर ठेवले. त्यांचे केस गळले, त्वचा सोलवटली. कारण पुढे उलगडले: त्यातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वास घट्ट धरून ठेवते व ते शरीरास मिळू देत नाही. ज्या केसांसाठी कच्चे अंडे द्यायचे, त्यांनाच त्याचा अतिरेक मारक ठरतो! अर्थात एखाद्या अंड्याने असे होत नाही. बलकात बायोटिन विपुल असते. दीर्घकाळ नुसते कच्चे पांढरे भरवणे हेच घातक.

याहून निकटचा धोका साल्मोनेला जंतूंचा आहे. कुत्रा वरकरणी निरोगी दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडतात आणि अंगणात त्याच्याशी खेळणाऱ्या मुलास आजारी पाडू शकतात.

हे सर्व टाळण्यास पाण्याचे एक पातेले पुरते. पांढरा भाग व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटे, अंडे उकडावे. निवल्यावर सोलून बारीक करावे. मीठमसाला घालू नये. घरातली भुर्जी तर मुळीच देऊ नये, कारण कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो. कवचाचे टोकदार तुकडेही नकोत.

एका अंड्यात सुमारे ७० उष्मांक असतात. वीस किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाला हजाराच्या आसपास उष्मांक लागतात, त्यास एक अंडे जड नाही. पाच किलोच्या कुत्र्यास मात्र तेच दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा होईल; त्यास अर्धे पुरे, तेही रोज नव्हे. लठ्ठ कुत्र्यास वा स्वादुपिंडाचा विकार झालेल्यास पशुवैद्यास विचारूनच द्यावे.

प्रथमच देताना लहानसा तुकडा द्यावा आणि दोन दिवस थांबावे. वांती, जुलाब किंवा अंगास खाज दिसल्यास अंडे बंद करावे.