एसीटी हात

एसीटी हात हा मानवी हाताची हाडे, सांधे व कंडरा यांची बारकाईने नक्कल करून घडविलेला यांत्रिक हात आहे. योकी मात्सुओका यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात चालू राहिले. त्याच्या यंत्रणेचे सविस्तर वर्णन करणारा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; आशिष देशपांडे हे त्याचे प्रथम लेखक होत. वस्तू उचलणे हा या हाताचा मुख्य हेतू नाही. मेंदू हाताचे नियंत्रण कसे करतो, हे तपासण्याचे ते साधन आहे.

रचना

कारखान्यातील यंत्रमानवाच्या प्रत्येक सांध्याला बहुधा एकेक मोटर असते. मानवी बोटाची घडण निराळी आहे. तर्जनी चार स्वतंत्र प्रकारे हलू शकते, परंतु तिला हलविणारे स्नायू सात आहेत. त्यांपैकी मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि त्यांचा ताण लांब कंडरांमधून बोटापर्यंत पोहोचतो. कळसूत्री बाहुलीच्या दोरीप्रमाणे कंडरा केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. एसीटी हातातील हाडांचे आकार मानवी हाडांवरून घेतले असून दोऱ्या कंडरांचे, तर मोटरी स्नायूंचे काम करतात. बोटाच्या पाठीवरील कंडरांचे जाळेही त्यात उतरविले आहे.

अभ्यासातील उपयोग

स्नायू गरजेपेक्षा अधिक असल्याने एकच कृती अनेक रीतींनी साधता येते. मेंदू त्यांतून निवड कशी करतो, हा प्रश्न रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यांनी मांडला. हातोडा मारणाऱ्या कामगारांचा घाव ठरल्या जागी पडतो, पण सांध्यांची हालचाल दर वेळी थोडी वेगळी असते, असे त्यांना आढळले होते. जिवंत माणसाची कंडरा सोडवून परिणाम पाहता येत नाही. यांत्रिक हातात ती सैल करता येते किंवा तिची जागा बदलता येते. फ्रान्सिस्को व्हालेरो-क्वेवास व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे दाखविले की, कंडरांचे जाळे स्वतःच ताणाची वाटणी बदलते. म्हणजे मेंदूच्या खाती मांडले जाणारे काही काम बोटाची घडणच करीत असते.

कुष्ठरोगात हाताच्या आतील लहान स्नायू निकामी झाले की लांब स्नायू शाबूत असूनही बोटे नखीसारखी वाकतात. त्यावर चांगल्या स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे विकसित केली. रुग्णाला त्यानंतर जुन्या स्नायूकडून नवे काम करवून घेण्यास शिकावे लागते. कंडरेची जागा बदलल्यास बोटावर काय परिणाम होतो, हे अशा हातावर रुग्णाला धोका न पोहोचवता पाहता येते; मात्र मोटर स्नायूप्रमाणे थकत नाही.