पाळी नेमकी किती दिवसांनी यावी?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “पाळी किती दिवसांनी येते?” बहुतेक बहिणी सांगतात, “महिन्याला.” एवढ्यावर भागत नाही. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजा, ते आपलं चक्र.

मोठ्या बाईचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असतं. म्हणजे २४ दिवसांनी आलेली पाळी ‘लवकर’ नाही आणि ३३ दिवसांनी आलेली ‘चुकलेली’ नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीचं चक्र पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. रक्तस्राव २ ते ७ दिवस चालतो. दोन पाळ्यांच्या मधे थोडं पांढरं, वास नसलेलं पाणी जाणं हाही रोग नाही.

हे माहीत नसलं की भीती घालणं सोपं जातं. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना पोटदुखी, पांढरं जाणं अशा तक्रारींवर ‘कॅन्सर होईल’ असं सांगितलं होतं. शिवाय पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी कापली जाई. आपल्या वस्त्यांतही मराठवाड्यातून आलेली कितीतरी घरं आहेत. म्हणून ‘पिशवी काढा’ असं कोणी म्हटलं, तर सोनोग्राफी करून दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

मात्र पुढच्या गोष्टी अंगावर काढू नका :

• तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं
• आठ दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव
• दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं
• तीन महिने पाळी न येणं (दिवस गेलेत का, ते आधी तपासा)
• दुर्गंधी किंवा खाज असलेला स्राव
• पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसणं
• दम लागणं, चक्कर येणं. रक्त कमी झालं असेल, हिमोग्लोबिन तपासा

महापालिकेचा जवळचा दवाखाना, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून इथे दाखवता येतं. आशाताईंनाही विचारा.

विटाळ हा शब्द आपण नाकारला आहे. तो पाळीच्या रूपाने पुन्हा घरात येऊ देऊ नका. मुलीला बाजूला बसवण्याऐवजी कॅलेंडरवर तारखेला गोल करायला शिकवा. सलग तीन-चार महिन्यांच्या तारखा दाखवल्या, तर डॉक्टरांनाही निदान सोपं जातं.